यादीप्रमाणे पडीत

पुंजा, चार दिवसांपूर्वी नाल्याकाठी लोकांनी तुझ्यासाठी सभा घेतली. सभा कसली, पोत्यांवर दाटीवाटीनं बसलेली सगळी वस्ती आणि मधे एक खुर्ची. त्या खुर्चीवर मला बसवलं. 'गोविंदराव त्यायचे शाळेतले दोस्त, अन् म्युनिसिपल कमिटीत कारकून, त्यायनंच बोललं पाह्यजे,' असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. मी बोललो. पाव तास बोललो. कापसाच्या जिनाच्या बॉयलरवर कोळसा ओढणाऱ्या माणसानं गावाच्या उकिरड्याची बाग कशी केली, रुई वेचणाऱ्या बायांना सावलीत बसायची सवय कशी लावली, सगळं सांगितलं. बाया डोळ्यांना पदर लावत होत्या. मीही उपरण्यानं डोळे पुसले, आणि ते खोटं नव्हतं, तेवढं तरी मान. पण मला जे सांगायचं होतं ते एकच वाक्य होतं, आणि ते मी गिळलं. घरी येऊन ताटावर बसलो नाही, तर बायको शेजारणीला म्हणाली, दोस्तासाठी किती जीव तुटतो बाई या माणसाचा!

मेल्या माणसाला कागद लिहून काय फायदा, असं तू म्हणाला असतास. पण जन्मभर मी दुसरं केलं काय? अर्ज, नकला, याद्या. बोलायची वेळ आली की माझी जीभ टाळूला चिकटते आणि हातात टाक आला की सुटते. त्यातही लिहायला बसलो की भाषा कचेरीची येते, आपली येत नाही. हसशील. हस बापा.

तू मला पहिल्यांदा खदानीवर नेलंस तो दिवस घेतो. सडकेसाठी मुरूम काढून काढून गावाच्या उशाला तो एवढा मोठा खड्डा झालेला, आणि मग अख्ख्या गावानं त्यात केर टाकायला सुरुवात केलेली. मेलेलं कुत्रं, फुटकी मडकी, कुजलेली सरकी, जिनाची राख. काठावर जिनातल्या मजुरांची वस्ती, म्हणजे तुम्ही. दसरा झाला, संग्रामपूरकडच्या कापसाच्या गाड्या यायला लागल्या, जिनाचा भोंगा वाजला, की वरून रुईचा भुगा उडायचा आणि खालून घाण मारायची. तुमच्या वस्तीतली लेकरं बोलायला शिकायच्या आधी खोकायला शिकायची. कमिटीत दर पावसाळ्यात खदानीचा विषय निघायचा, आणि दर पावसाळ्यात 'पुढील सभेत विचार व्हावा' हे मीच माझ्या वळणदार अक्षरात लिहायचो.

'दिवसभर जिनात रुई खातो,' तू म्हणालास, 'घरी आलो का घान खातो. मानसाले दम घ्याले एक तं जागा पाह्यजे का नाई, गोंदू?'

'कमिटीला अर्ज कर,' मी म्हटलं.

'अर्ज तुह्याकडंच येईन ना बे? तू तं दाबून ठेवनारा मानूस!'

आणि माझ्या डोक्यावरची काळी टोपी काढून तू माझ्याच हातात दिलीस आणि तिच्या जागी राखेचं टोपलं ठेवलंस. शपथेनं सांगतो, मला राग आला होता. कमिटीचा कारकून भर उन्हात डोक्यावर टोपलं घेऊन चालला आहे आणि जिनातल्या बाया तोंडाला पदर लावून खिदळत आहेत! पण मी ते खाली ठेवलं नाही. का ठेवलं नाही हे आजही सांगता येत नाही. चौथीत असताना तू मला झाडावर चढवायचास आणि खालून म्हणायचास, आता उतर पाहू. तसंच काहीतरी असेल.

तुझा कायदा साधा होता. जो कोणी खदानीवर येईल त्यानं एक टोपलं आणावं. राख आणा, शेण आणा, नाल्याचा गाळ आणा, नाहीतर झाडून काढलेला पाला आणा, पण हात हलवत येऊ नका. जिनातली पाळी सुटली की बाया टोपली घेऊन यायच्या. म्हातारे यायचे. 'टोपलं आनलं काय?' हाच तुमच्या वस्तीचा रामराम झाला. तीन पावसाळ्यांत त्या मुरमाच्या खड्ड्यात हातभर काळी माती तयार झाली. मी मुठीत घेऊन वास घेतला होता. उकिरड्याचा वास गेला होता.

मग आपलं भांडण सुरू झालं. मी म्हणालो, सिव्हिल लाइनीत साहेबांच्या बंगल्यापुढे असतो तसा बगीचा करू. गुलाब, मोगरा, कडेला लोखंडी कठडा. तू हसून हसून खोकायला लागलास. 'फुलझाडं साहेबाले. आमच्या बाया पाळी सुटल्यावर गुलाब हुंगत बसतीन, का सांबार तोडून घरी भाजीत टाकतीन? अन् कठडा कायले? कोनाले बाहेर ठेवतं बे तू?' मी चिडून चार दिवस आलो नाही. पाचव्या दिवशी आलो तर घरागणिक एक कडुनिंब लागला होता, आणि प्रत्येक न्हाणीपासून त्या त्या घराच्या निंबापर्यंत बोटभर खोल चर काढलेला होता. आंघोळीचं पाणी झाडाला. ज्याचं झाड वाळलं त्यानं वस्तीला जाब द्यायचा. नवी सून आली की आधी तिला तिचा निंब दाखवायचे, मग चूल.

मधल्या जागेत वाफे होते. वांगी, अंबाडी, पालक, आणि तो सांबार. आमच्याकडे बदलून आलेल्या एका पुण्याच्या हेडमास्तरला मी म्हणालो, आमच्या दोस्ताच्या बागेत सांबार फार छान येतो. तो बिचारा बागेत वरण कसं येतं याचा विचार करत राहिला. त्याला तिथं नेऊन कोथिंबीर दाखवली तेव्हा तू त्याच्याही डोक्यावर टोपलं ठेवलंस.

विहिरीचं सांगायलाच हवं. खदानीच्या टोकाला ती पडकी विहीर होती. रोहिणखेडचे करीममिस्त्री तेव्हा जिनाच्या भिंतीच्या कामाला आले होते, त्यांनी सुट्टीच्या दिवसांत तिचा काठ बांधून दिला. पहिल्या उन्हाळ्यात तिथं जातीवरून तंटा पेटला. अमुक घरानं आधी पाणी काढायचं, तमुक घरानं नाही. तू ओरडला नाहीस. दुसऱ्या दिवशी पहाटे महारवाड्यातल्या बाईच्या हातात तू स्वतः दोर दिलास, तिनं काढलेल्या पाण्याचा तांब्या सगळ्यांसमोर प्यालास आणि कामावर निघून गेलास. काही घरं महिनाभर आली नाहीत, मग आली. तो तांब्या तू माझ्यापुढेही धरला होतास. मला तहान नाही, असं मी म्हणालो. वैशाख होता, पुंजा. तू तांब्या निंबाच्या बुडाशी ओतलास.

हे मी मुद्दाम लिहितो आहे. सभेत हे सांगितलं नाही. सभेत मी असा बोललो की जणू बाग आपण दोघांनी मिळून केली.

पाच-सहा वर्षांत जागेचं रूपच पालटलं. संध्याकाळी जिनाचा भोंगा झाला की अर्धं गाव तिकडे वळायचं. मारवाडी गल्लीतले म्हातारे निंबाखाली येऊन बसायचे, आणि तेही टोपलं आणायचे, म्हणजे नोकराच्या हातानं आणायचे. तू ते परत पाठवायचास. 'शेठजी, तुमच्या डोक्यावर आनलं तं मोजतो.' आणि आणायचे लेकाचे! खोकला गेला नाही तुमच्या वस्तीतला, पण कमी झाला. तुझी बायको कासाबाईच तसं म्हणाली होती. माणसं एकमेकांच्या घरातलं दुखलंखुपलं विचारायला लागली. आधी त्या वस्तीत दुसरबीडकडचे वेगळे, घाटाखालचे वेगळे, कोणी कोणाच्या दारात जात नसे. तुझा बापच दुसरबीडहून आलेला, तुझं ते 'म्या' ऐकून शाळेत आम्ही किती चिडवायचो. बागेत सगळ्यांची बोली एक झाली.

आता त्या गिळलेल्या वाक्याकडे येतो. पान उलटायची हिंमत होत नव्हती म्हणून मी विहिरीपाशी एवढा वेळ थांबलो.

गावातल्या सरकारी जागांची मोजणी करायला नझूलवाले आले. प्रत्येक जागेचा आजचा वापर काय आहे याची यादी कमिटीनं द्यायची होती, आणि कमिटी म्हणजे मी. तू संध्याकाळी घरी आलास. 'गोंदू, आता कागदावर घेऊन घे. वस्तीची बाग म्हनून लिव्हून टाक. उद्या कोनी पुसलं तं दाखवाले होते.'

मी हसलो. काय शहाणा होतो मी! तुला समजावलं की बाग लिहिलं की पट्टी बसेल, घरटी वसुली येईल, वर परवानगी कोणाची घेतली म्हणून चौकशी लागेल. आम्हा कारकुनांत ही जुनीच रीत आहे, पुंजा. गरिबाचं भलं करायचं असेल तर कागदावर त्याला आणखी गरीब करून ठेवायचं. ओलिताचं कोरडवाहू लिहायचं, पक्कं घर कच्चं लिहायचं. माझ्या हातून कितीतरी जणांचं असं भलं झालं होतं आणि त्यांनी मला दुवा दिला होता. मी यादीत लिहिलं, 'मुरमाची जुनी खदान, पडीत.'

'काय लिव्हलं?' तू विचारलंस.

'तुझ्या फायद्याचं लिहिलं. कागदाचं मी पाहतो, तू झाडाचं पाहा.'

तू मान डोलावलीस. तुला ते पटलं नव्हतं, तुझ्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण दोस्तानं केलं आहे म्हणून गप्प राहिलास, आणि जाताना माझ्या उपरण्यात सांबाराची जुडी बांधून गेलास. करायला गेलो गणपती आणि झालं माकड, असं म्हणून मी सुटलो असतो, गोष्ट इथंच थांबली असती तर.

दोन वर्षांनी रुई दाबून गाठी करणाऱ्या एका प्रेसवाल्या शेठनं त्या ठेवायला जागा मागितली. रेल्वेच्या बाजूची, गावाला लागून, पडीत असलेली. कमिटीची सभा भरली. अध्यक्षांनी यादी वाचली. एक म्हातारे वकील सभासद होते, ते म्हणाले, 'तिथं काही झाडंबिडं आहेत म्हणतात. माझा नातू जातो तिकडे.' सगळे माझ्याकडे पाहायला लागले. अध्यक्ष म्हणाले, 'गोविंदराव, यादी तुमचीच ना? जागा पडीत आहे ना?'

पुंजा, तेवढाच वेळ होता माझ्याकडे. 'नाही साहेब, ती बाग आहे, मी चुकीचं लिहिलं,' इतकं म्हणायचं होतं. खोट्या नोंदीबद्दल नोकरी गेली असती, कदाचित. माझ्या थोरलीचं लग्न ठरलेलं होतं. हे कारण म्हणून सांगत नाही, तेव्हा डोक्यात काय आलं ते सांगतो. मी उभा राहिलो आणि म्हणालो, 'हो साहेब. यादीप्रमाणे पडीत.'

यादीप्रमाणे! काय शब्द सापडला बघ मला. खोटंही बोललो नाही आणि खरंही बोललो नाही. वकील महाशय खाली बसले, मी कार्यवृत्त लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच आलं.

हुकूम इंग्रजीत निघाला. तो घेऊन तू जिनातून तसाच कचेरीत आलास, अंगावर कोळसा, केसात रुई. 'वाच बे, काय म्हनते हे?' मी वाचून दाखवलं, की सदर जागा पडीत असल्यामुळे अमुक शेठांना देण्यात येत आहे. तू एवढ्या मोठ्यानं हसलास की शेजारच्या खोलीतून माणसं डोकावली. 'पडीत? कोन्या आंधळ्यानं लिव्हलं रे हे?'

'वरून आलं असेल,' मी म्हणालो.

हा तिसरा गुन्हा, आणि आधीच्या दोन्हींपेक्षा मोठा. पहिला मी तुझ्या भल्यासाठी केला होता, सभेतला भीतीपोटी. यादी मराठीत होती. ती तुझ्यासमोर ठेवली असती तर तू माझं अक्षर लांबून ओळखलं असतंस. आपण एका पाटीवर शिकलो.

चौथाही आहे. तू म्हणालास, बुलढाण्याला मोठ्या साहेबाकडे अर्ज लिही. मी लिहिला. फार सुंदर लिहिला. लेकरांचा खोकला, बायांची मेहनत, निंबाची सावली, सगळं घातलं. वाचून दाखवला तेव्हा कासाबाई रडली. फक्त एक ओळ घातली नाही, की यादीतली नोंद चुकीची आहे आणि ती कशी चुकली हे कारकुनाला विचारावं. आणि पुंजा, तीच एक ओळ कामाची होती. बाकीचा अर्ज नुसता शृंगार. महिन्याभरानं उत्तर आलं, यादीप्रमाणे जागा पडीत असल्यानं अर्जाचा विचार करता येत नाही. माझा शब्द सगळीकडे फिरून माझ्याच टेबलावर आला.

लोकांना वाटलं होतं तू आता काठी घेऊन उभा राहशील. काही तरणी पोरं तयारही होती. तू म्हणालास, 'जागा त्यायची असंन. माती आपली हाय.' आणि निंबांवर कुऱ्हाडी पडायच्या आधी तुम्ही माती उचलायला सुरुवात केलीत. त्याच टोपल्यांत. पाळी सुटली की बाया यायच्या, टोपलं भरायचं, सडक ओलांडून नाल्याच्या पलीकडच्या उतारावर ओतायचं, परत यायचं. आठ-दहा दिवस ती रांग चालली होती. कचेरीच्या व्हरांड्यातून सगळं दिसायचं. मारवाडी गल्लीतले ते म्हातारे आले, त्यांनी टोपली उचलली. ते वकील आले. करीममिस्त्री खास रोहिणखेडहून आले आणि आपल्याच हातानं बांधलेला विहिरीचा काठ त्यांनी दगड दगड करून सोडवला. मी व्हरांड्यात उभा होतो. मी एक टोपलं उचललं नाही. कोणत्या तोंडानं उचलणार होतो?

आणि मग मी तुला टाळायला लागलो. चोराच्या मनात चांदणं. कचेरीला जायचा माझा रस्ता नाल्यावरून होता, तो सोडून मी मारुतीच्या देवळाकडून लांबचा घेतला. बायकोनं विचारलं तर म्हणालो, तेवढंच चालणं होतं. पलीकडच्या उतारावर तू पुन्हा निंब लावलेस हे मी दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलं. पन्नाशी उलटलेला, छाती पिंजलेला माणूस, पुन्हा पहिल्यापासून चर काढत होता. तू निरोप पाठवायचास, 'गोंदूले म्हना, येऊन पाहून जाजो.' कधी वांगी यायची, कधी अंबाडी. बायको भाजी करायची. मी खायचो, पुंजा. घशाखाली उतरायची.

एकदा बाजारात तू मला गाठलंसच. दंडाला धरून उभं केलंस. किती हडकला होतास! 'काऊन बे, रागावला काय माह्यावर?'

'छे रे. कामं फार आहेत. लढाई सुरू झाल्यापासून कागदांचा नुसता पाऊस आहे.'

'मले वाटलं, माहं काही चुकलं.'

'नाही रे,' मी म्हणालो, आणि रॉकेलच्या रांगेत नंबर जाईल म्हणून निघालो. रांग होती खरी. पण माझ्या हातात बाटली नव्हती, आणि ते तू पाहिलं असशील.

तू आजारी आहेस हे कळलं. उद्या जाऊ, परवा जाऊ करत राहिलो. मनात रोज वाक्य जुळवायचो. 'पुंजा, तो शब्द माझा होता.' पाच शब्द. अर्ज लिहिण्यात हयात गेली आणि पाच शब्दांचा मजकूर जमला नाही. मग बुधवारी सकाळी तुमच्या वस्तीतला माणूस सांगायला आला. तुझ्या मातीला आलो तो पार मागे चाललो, आणि त्या गाठींच्या गोदामाच्या भिंतीजवळून जाताना मान वर केली नाही. कोणीतरी माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणालं, 'सांभाळा गोविंदराव, तुमचा तं भाऊच गेला.'

सभेनंतर दोन दिवस मी तसेच काढले. काल अध्यक्षांकडे गेलो. तेच आहेत अजून, थकले आहेत. त्यांना उभ्याउभ्या सगळं सांगितलं, नोंद मी खोटी केली, कमिटीच्या सभेत खरं लपवलं. वाटलं होतं ओरडतील, निदान चष्मा तरी काढतील. ते म्हणाले, 'अहो गोविंदराव, झालं गेलं. आता कोण विचारतंय? तुमची पेन्शन जवळ आली, कशाला उगीच.' आणि त्यांनी मला पान दिलं. मी ते घेतलं आणि बाहेर येऊन फेकून दिलं. माफी इतकी स्वस्त मिळते हे मला माहीत नव्हतं, आणि ती माझ्या काही कामाची नव्हती.

म्हणून आज सकाळी नाल्यावरच्या रस्त्यानं आलो. किती वर्षांनी! निंब डोक्याच्या वर गेले आहेत. पाच-सहा वाफे आहेत, लहान, पण माती तीच, काळी. कासाबाई एका वाफ्यापाशी बसून अंबाडी निवडत होती. मला पाहून तिनं पदर सारखा केला आणि पोतं पुढे सरकवलं. 'बसा भाऊजी.' मी बसलो नाही. उभं राहूनच सांगितलं. यादी माझी, शब्द माझा, कमिटीच्या सभेतलं माझं 'हो साहेब', अर्जातली न घातलेली ओळ. सगळं. 

ती अंबाडी निवडत राहिली. एक जुडी बांधून झाल्यावर म्हणाली, 'खोटं नाई बोलत भाऊजी, मले राग आला तुमचा. निंब तोडले तवा हे दोन दिस जेवले नाईत.' मी मान खाली घातली. 'पन त्यायले सांगाचं होतं ना. दोन शिव्या देल्ल्या असत्या त्यायनं, अन् मंग चा पाजला असता. जागेचं त्यायनं कवाच सोडून देल्लं होतं. तुमी बोलाचं काऊन सोडलं, हे त्यायच्या जीवाले लागलं होतं.'

मी तिनं सरकवलेल्या पोत्यावर टेकलो.

'त्यायले वाटे, तुमच्या पोरीच्या लग्नातलं असंन,' ती म्हणाली. 'पंगतीत बसले होते. पान वाढलं अन् खोकल्याची उबळ आली. लोकायच्या पानावर खोकू नाई म्हनून उठून मांडवाबाहेर गेले, ते परत आलेच नाईत. मंग घोकत बसत. म्हने, लग्नाच्या घरी भरल्या पानावरून उठलो, गोंदूच्या पोरीले अपशकुन केला म्या, म्हनून त्यानं तोंड फिरवलं. या शेवटच्या पंधरा दिसांत तं रोज तेच. कासे, तिचं बरं चाललं हाय ना सासरी, इचारून ये. म्या दोनदा इचारून गेली तुमच्या घरून. बरं हाय म्हनून सांगतलं, तरी त्यायले खरं वाटे नाई.'

पुंजा, त्या दिवशी तू पानावरून उठलास ते मी पाहिलं होतं. मी वाढप्यांच्या मागे उभा होतो. तू खोकत मांडवाबाहेर गेलास आणि परत आला नाहीस, आणि मला हायसं वाटलं होतं. आता हा समोर येणार नाही, याच्याशी बोलावं लागणार नाही, म्हणून. अपशकुन माझ्या मनालाही शिवला नव्हता.

पोरगी बरी आहे रे. सुखात आहे. दोन लेकरं आहेत तिला, धाकटा मोठा वांड आहे. तुझं काहीच चुकलं नव्हतं.